विमान कोण धुतं, असं विचारणारे सर

फोन अमेरिकेला लावलेला होता आणि स्पीकरवर होता. पलीकडची बाई गोड आवाजात आपल्या फ्लाइंग स्कूलची माहिती सांगत होती. तळं किती सुंदर आहे, राहायची सोय कशी आहे, चार दिवसांत सी-प्लेनचं रेटिंग हातात कसं पडतं. सरांनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग आपल्या हँगरमधल्या इंग्रजीत विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण विमान कोण धुतं?

बाई थांबली. आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असावं. सरांनी परत विचारलं. विमान. दिवसाचं उडणं संपल्यावर. ते कोण धुतं? मला त्या माणसाशी बोलायचंय.

चौकशी करून कळवते, असं म्हणून बाईने फोन ठेवला. सरांनी यादीत तिच्या शाळेच्या नावापुढे एक बारीक टिंब काढलं आणि ताईकडे बघून म्हणाले, "हिला माहीत नाही. वाईट बाई नाही. पण हिला माहीत नाही."

माझी ताई तोंडात मारल्यासारखी बसली होती. तिला त्या बाईला फक्त एवढंच विचारायचं होतं, की जागा कधीपासून आहे.

सर घाटकोपर पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावर राहायचे. पुढच्या खोलीत क्लास, नोकरीत असतानाच सुरू केलेला. होतकरू पायलटांना हवामान आणि नेव्हिगेशनच्या लेखी परीक्षांसाठी ते शिकवायचे. त्या खोलीतल्या पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून गेलेली मुलं आज मोठाली विमानं उडवतात. सरांना स्वतःला मात्र विमान चालवता येत नव्हतं. त्यांनी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून काढली. विमान दुरुस्त करून झालं की पायलट ते चाचणीसाठी आकाशात नेणार, आणि यांनी मागे बसून कुठून खडखड येतेय ते ऐकायचं, एवढाच त्यांचा उडण्याशी संबंध. मूळचे देवगडकडचे. वडील गिरणीत, आजोबा होडीवर. आता ती बिल्डिंग पाडली आहे आणि सर गावी असतात. तिथे ते कोणाला काय विचारत असतील, देव जाणे.

प्रश्न विचारणं हाच तर त्यांचा एकमेव उद्योग होता. भाजीवाल्याला विचारायचे, कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी किती वेळाने मारतोस? बसच्या ड्रायव्हरला विचारायचे, ओल्या रस्त्यावर ब्रेक आधी दाबतोस की गियर आधी उतरवतोस? लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा दीड तास सोडलं नव्हतं. खिशात वही असायची आणि तिच्यात फक्त प्रश्न लिहिलेले असायचे. उत्तरं लिहून ठेवायची गरज नाही, ती बदलतात, असं त्यांचं म्हणणं.

आणि तुम्ही काहीही विधान केलंत की त्यांचा एकच सवाल यायचा, तोही मालवणीत, "कोणाक इचारलंस?"

त्यांच्याकडे हँगरमधले जुने कानावरचे बोंडे होते. इंजिनाच्या आवाजात घालतात ते, मोठे, हेडफोनसारखे. वरच्या मजल्यावर टीव्ही मोठा झाला की ते चढवायचे. क्लासमध्ये एखादा मुलगा भाषण ठोकायला लागला की तेव्हाही चढवायचे, आणि त्याचं तोंड हलायचं थांबेपर्यंत शांतपणे त्याच्याकडे बघत बसायचे.

मी सरांकडे गेले ती ताईची सोबत म्हणून. शिकायला नाही, आणि खरं सांगायचं तर थोडी भांडायलाच.

आमच्या घरात मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात होते आणि त्याहून जास्त युनियनमध्ये होते. घरात शाईचा वास, कॉटखाली गठ्ठे. गुळगुळीत कागदावर छापलेलं खोटं आणि पातळ पिवळ्या कागदावर छापलेलं खरं, अशी माझी लहानपणापासून समजूत. ती अजूनही पूर्ण गेलेली नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं. ताई त्याच घरात वाढली, पण ती गच्चीवर जाऊन विमानं बघायची. तिने सरांकडे क्लास लावून कसंबसं पायलटचं कमर्शियल लायसन्स मिळवलं. मग तीन वर्षं नोकरी नाही. विमानतळावर चेक-इन काउंटरला उभी राहून ती लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावत होती.

अशात एका छोट्या कंपनीने तिला सांगितलं, की आम्ही सी-प्लेन सुरू करतोय, धावपट्टीवरून उडून पाण्यावर उतरणारं. को-पायलटची एक जागा आहे. तुमच्याकडे सी-प्लेनचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवर तशी नोंद, असेल तर तुमची. पुढच्या महिनाअखेरपर्यंत कागद दाखवा.

ते रेटिंग करायला देशाबाहेर जावं लागणार होतं. ताईची शिल्लक एका फेरीपुरतीच होती आणि रजा बारा दिवसांची. म्हणजे शाळा एकदाच निवडायची. चुकली तर परत काउंटर.

आणि माझी पंचाईत ही, की त्याच आठवड्यात आम्ही मित्रमैत्रिणींनी खाडीतल्या सी-प्लेनच्या धक्क्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. कोळ्यांच्या जाळ्यांवर श्रीमंतांची विमानं, वगैरे. ताईने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. आता माझ्याबरोबर घाटकोपरला चल. सरांना विचारायचंय."

मी तत्त्व म्हणून एक पत्रक सरांनाही दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल घेतली. "आपण असं करू," ते म्हणाले, "यातलं ज्याची कोणाकडे जाऊन खात्री करता येईल तेवढं ठेवू. बाकीचं खोडू." आणि त्यांनी खोडायला सुरुवात केली. माझं पहिलं वाक्य गेलं. दुसरं गेलं. 'भांडवलदारांचा डाव' गेला. मी बघत होते. शेवटी उरलं काय, तर तीन गावठाणांची नावं, सभेचा वार आणि छापखान्याचा पत्ता.

मी सुरू झाले. वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली गप्प बसणारे, कुंपणावरचे, मध्यमवर्गीय, सगळं बोलून घेतलं. सरांनी शांतपणे बोंडे कानांवर चढवले. ताई छताकडे बघत होती. मी थांबल्यावर त्यांनी ते काढले आणि खरोखरच उत्सुकतेने विचारलं, "जाळी नक्की कुठे लावतात? भरतीला की ओहोटीला? कोणाक इचारलंस?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं. मला जाळी माहीत होती ती दुसऱ्या एका पत्रकातून.

पुढच्या रविवारी मी गावठाणात गेले. एका म्हाताऱ्या कोळ्याने मला ओट्यावर बसवून, खडूने लादीवर खाडी काढून दाखवली. कुठल्या पाण्याला कुठली डोल, म्हणजे खुंटांना बांधायचं मोठं जाळं, लागते आणि धक्का नेमका कुठे आडवा येतो. दुसऱ्या खेपेचं पत्रक निम्म्या लांबीचं झालं. लोकांनी ते वाचून फेकलं नाही, खिशात ठेवलं. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. डोल म्हणजे काय ते विचारलं आणि तो प्रश्न वहीत लिहून घेतला. त्यानंतर ते मला 'पत्रकवाली' म्हणायला लागले.

ताईने आणलेल्या माहितीपत्रकांवरही तीच पेन्सिल चालली. ती सगळी गुळगुळीत कागदावरची, त्यामुळे मला तो कार्यक्रम फार आवडला. निळं पाणी गेलं, सूर्यास्त गेले, 'तुमचं स्वप्न' तर सगळीकडून गेलं. सात शाळांपैकी दोन उरल्या.

एक ती तळ्याकाठची, गोड आवाजाच्या बाईची. तिच्या माहितीपत्रकात पेन्सिलीतून बचावलेली एक गोष्ट होती: चार दिवस, आणि जवळजवळ सगळे पास. पण आणखी एक गोष्ट बचावली होती. त्यांच्या विमानाला चाकं नव्हती. खाली नुसते फ्लोट, म्हणजे पायांना बांधलेल्या दोन बंद होड्या. ते विमान पाण्यावरून उडतं आणि पाण्यावरच उतरतं.

कंपनीचं विमान तसलं नव्हतं. त्याला फ्लोटही होते आणि फ्लोटच्या पोटात आत-बाहेर होणारी चाकंही. सरांनी टेबलावर बशी ठेवली, तिच्यात पाणी ओतलं आणि काडेपेटीला दोन काड्या खोचून मला समजावलं. धावपट्टीवर उतरताना चाकं बाहेर हवीत. पाण्यावर उतरताना आत हवीत. ज्याने वर्षानुवर्षं जमिनीवर विमान उतरवलंय त्याचा हात उतरायची वेळ आली की आपोआप चाकं बाहेर काढायला जातो. पाण्यावर चाकं बाहेर असली की ती पाण्यात अडकतात आणि विमान कोलांटी खातं. त्यांनी काडेपेटी बशीत उलटी केली. "हातानेच केलेली चूक," ते म्हणाले. "इंजिन चांगलं, वारा चांगला, पायलट चांगला."

म्हणून त्या दिवसापासून त्यांनी ताईला एक व्रत लावलं. ओल्या जागी पाऊल टाकण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "हे पाणी आहे, चाकं आत." कोरड्या जागी येताना, "ही जमीन आहे, चाकं बाहेर." मनातल्या मनात चालणार नाही. ताई न्हाणीघरात जाताना म्हणायची, बाहेर येताना म्हणायची. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, की हिला काउंटरवर कोणी काही बोललं का गं? बाबा मात्र खूश होते. त्यांना वाटलं, ही कसलीतरी घोषणा आहे.

दुसरी शाळा अमेरिकेतच, पण पार उत्तरेकडे होती, समुद्राच्या एका खाडीवर. तिचं माहितीपत्रक नव्हतंच. एक पान होतं, त्यावर चाकं असलेल्या विमानाचा धुरकट फोटो आणि फोन नंबर. फोन लावला तेव्हा इथे संध्याकाळ होती, तिथे सकाळ. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मागे पाण्याचा आणि कशावर तरी काहीतरी आपटल्याचा आवाज. सरांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, विमान कोण धुतं?

तो म्हणाला, मीच. आता तेच करत होतो. काल राहून गेलं. खारं पाणी आहे, एक रात्र राहिलं तरी पत्रा खातं.

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर कोणाशी बोलताना ते उभे राहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी त्यांचा दुसरा प्रश्न विचारला. तो त्यांच्या आजोबांचा होता. त्यांच्या गावात म्हणे जुनी होडी विकत घ्यायला जाणारा माणूस होडीची लाकडं बघत नसे. तो भल्या पहाटे, मालकाने होडीतलं पाणी उपसायच्या आधी जाऊन उभा राहायचा आणि किती पाणी उपसतात ते मोजायचा. प्रत्येक होडीत पाणी शिरतं. शिरत नाही म्हणणारा खोटं बोलतो. किती शिरतं आणि कुठून, हे मालकाला माहीत आहे का, तेवढंच बघायचं. फ्लोटचंही तसंच असतं. रोज सकाळी हातपंपाने एकेका कप्प्यातलं पाणी काढावं लागतं.

तुमच्या फ्लोटमधून किती निघतं, असं सरांनी विचारताच म्हाताऱ्याने लगेच सांगितलं. उजवा जवळजवळ कोरडा. डाव्याचा मागचा कप्पा, पंपाचे वीस हात. तिथे पत्रा जोडणारा एक रिवेट सैल झालाय, हिवाळ्यात काम काढणार आहे.

"वीस," सर आम्हाला हळूच म्हणाले, कोणी वाढदिवसाची भेट द्यावी तसे.

तिसरा प्रश्न त्यांनी ताईकडे बघून विचारला. गेल्या महिन्यात तुमच्याकडून रेटिंग न घेता किती जण परत गेले?

म्हातारा हसला. दोन. एकाचे सगळे दिवस वाऱ्याने खाल्ले. दुसऱ्याला मीच परीक्षेला बसू दिलं नाही, त्याचा हात अजून चाकांकडे जात होता.

फोन ठेवल्यावर सर खोलीत दोन फेऱ्या मारून आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसत होता आणि ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेलाही दिसत होता. पण शाळा निवडून द्यायची नाही हा त्यांचा नेम होता. प्रश्न मी देतो, निवड ज्याची त्याची. ते एवढंच म्हणाले, "आता तुझं तू बघ गो."

बसस्टॉपवर मी बोलायला लागले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. एक शाळा खोटी आणि एक खरी. खोटीच्या जोरावर मिळवलेला कागद म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. यात निवडायचं काय आहे?

ताईने बस येते का ते बघितलं. मग म्हणाली, "ती बाई खोटं कुठे बोलली? तिला माहीत नव्हतं, ती म्हणाली कळवते. चार दिवसांत कागद मिळतो हे खरंच आहे."

"पण चाकं नाहीत, ताई."

"चाकं नंतर कंपनी शिकवेल. शिकवायलाच लागेल."

"कोणाक इचारलंस?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. "तू नको हां बोलूस ते. तुझं पत्रक चुकलं तर तू दुसरं छापतेस. माझी रजा एकदाच आहे. त्या म्हाताऱ्याकडे वारा सुटला तर मी तिसरी. मग तू येऊन उभी राहशील काउंटरला? तत्त्वाने?"

बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. जागा होती तरी.

 आठवडाभर ती कामाला जायची, यायची, न्हाणीघराच्या दारात आपलं वाक्य म्हणायची. मग एके दिवशी तिकीट काढून आली. उत्तरेकडचं. मी उड्याच मारल्या. तत्त्वाचा विजय झाला असं मला वाटलं, आणि त्यात माझ्या भाषणाचा वाटा आहे असंही वाटलं. सरांना कळवलं तेव्हा त्यांनी फक्त तिला बरोबर न्यायला एक जुना चामड्याचा कपडा दिला, विमान धुतल्यावर पुसायला.

बारा दिवसांतले चार येण्या-जाण्यात गेले. उरलेल्या आठांपैकी पाच वाऱ्याने खाल्ले. तीन दिवस ती उडाली. शेवटच्या दिवशी परीक्षक आला आणि वारा परत चढायला लागला. खाडीवर लाटांच्या डोक्यांना फेस आला होता. म्हातारा तिला म्हणाला, नियमात बसतंय अजून, तू ठरव. ती तासभर धक्क्यावर उभी राहून पाण्याकडे बघत राहिली. मग परीक्षकाकडे गेली आणि नाही म्हणाली.

ती रेटिंग न घेता परत आली. तिसरी. महिनाअखेर झाली. कंपनीने ती जागा तळ्याकाठून चार दिवसांत आलेल्या एका मुलाला दिली. ताई सोमवारी काउंटरला रुजू झाली.

मी सरांकडे गेले. एकटी. पुढच्या खोलीत क्लास चालू होता, सात-आठ मुलं बसली होती, त्यांच्यादेखत मी बोलले. तुमच्या प्रश्नांनी तिची जागा गेली, म्हटलं. खरेपणाची हौस तुमची आणि माझी, आणि चटका तिला. सर बोंड्यांकडे हात नेतील अशी मी वाट बघत होते. नेला नाही. मी संपवेपर्यंत ते उभेच होते. मग त्यांनी मुलांना लवकर सोडलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "ती घरी कधी असते?"

सर कोणाच्या घरी जात नसत. त्या दिवशी ते माझ्याबरोबर बसने विक्रोळीला आले. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला काही विचारलं नाही. कंडक्टरलाही नाही.

ताई नुकतीच कामावरून आली होती, युनिफॉर्ममध्येच होती. आईने पाणी दिलं. बाबांनी आपली खुर्ची सरांना दिली आणि स्वतः कॉटवर बसले. सर खुर्चीच्या कडेवर टेकले आणि एकदम बोलायला लागले.

"चूक माझी झाली. एक प्रश्न राहिला. त्या महिन्यात त्या खाडीत उडण्याजोगे दिवस किती असतात, हे मी विचारलं नाही. तीस वर्षं हवामान शिकवतोय. पहिल्या इयत्तेचा प्रश्न तो. तो माणूस खरं बोलला, त्यात मी भुललो. खरं बोलला म्हणजे सगळं विचारून झालं असं वाटलं मला."

 बाबांनी मान खाली घातली. युनियनमध्ये त्यांनी पुष्कळ पुढारी पाहिले होते, पण हे वाक्य बहुधा कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ताई केसांतल्या पिना काढत होती. ती म्हणाली, "सर, मी बघितलं होतं."

"काय बघितलं होतंस?"

"वाऱ्याचं. तिकीट काढायच्या आधी. मागच्या काही वर्षांच्या त्या महिन्याच्या नोंदी काढल्या होत्या, तुम्ही शिकवल्यात तशा. आठातले तीन दिवस मिळतील असं दिसत होतं. तीनच मिळाले."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. इतके दिवस मी समजत होते की ती माझ्या तत्त्वापायी गेली, आणि सर समजत होते की त्यांच्या वहीपायी. आम्ही दोघंही आपापल्या परीने अपराधी होऊन बसलो होतो, आणि ती गेली होती आपली आपण, नीट हिशोब बघून.

"मग तीन दिवसांवर का गेलीस गो?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

"तीन दिवसांत होऊ शकलं असतं. परीक्षेपर्यंत आलंच होतं ना. आणि मला त्याच्याकडेच शिकायचं होतं. तुम्ही फोनवर बोलता बोलता उभे राहिलात, तेव्हाच माझं ठरलं. आठवडाभर मी फक्त घाबरत होते." तिने पिना टीव्हीवर ठेवल्या. "जागा गेली त्याचं वाईट वाटतंय. खूप वाटतंय. त्या मुलाचे फोटो बघते मी रोज. पण नाही म्हटलं त्याचं नाही वाटत."

मला काहीतरी बोलायचं होतं. भाषण नव्हे, काहीतरी साधं. पण सर बोंडे आणायला विसरले असले तरी मी गप्प राहिले.

 आईने चहा ठेवला. मग सरांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि त्यांचा आवाज बदलला. क्लासच्या पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखा झाला.

"त्या तीन दिवसांत पाणी कधी आरशासारखं झालं होतं का?"

"एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी. वारा अगदी पडला होता."

"सांग. सगळं सांग. मी पुस्तकातून शिकवलंय, बघितलेलं एकही माणूस मला भेटलं नाही."

ताई कॉटवर बाबांच्या शेजारी बसली. तळहात आडवा धरून तिने विमान केलं आणि सांगायला लागली. लाट नसली की पाणी दिसतच नाही. आकाश दिसतं, ढग दिसतात, ते खाली आहेत की वर ते कळत नाही. पन्नास फुटांवर आहोत की पाच, डोळे काहीही सांगतात. तेव्हा पाण्याकडे बघायचं नाही. बाजूच्या काठावरची झाडं बघायची. इंजिनाचा जोर एवढा, नाक एवढं वर, आणि मग कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बसायचं. ते आपोआप खाली जात राहतं.

"किती वेळ?"

"खूप वाटतो. मला वाटलं, आपण पाणी ओलांडून खाली चाललोय."

"मग टेकलं ते कसं कळलं? धक्का बसला?"

"नाही. काहीच नाही बसला. आवाज आला."

"कसला?"

तिने शब्द शोधला. सापडला नाही. मग ओठ जुळवून, दातांच्या मागून, तिने तो आवाज काढून दाखवला. पातळ, लांबट, आधी जेमतेम आणि मग भरत गेलेला. बाबांनी चहाचा कप हातातच धरला. सरांनी पेन्सिल वहीवर टेकवली, पण लिहिलं काहीच नाही. वही मिटली आणि डोळे मिटले.

"परत कर गो," ते म्हणाले.

ताईने परत केला. या वेळी जरा जास्त लांबवला. विमान पाण्यावर लगेच थांबत नाही, ती मध्येच श्वास घेत म्हणाली, आणि पुढे चालू ठेवला.